पूण सर, हाडता कोण?

दशावताराच्या रात्री गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन गेली की संकासूर येतो. काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. ब्रह्मदेवाचे वेद चोरलेला हा प्राणी बोलतो मात्र गावच्या बोलीत, आणि समोरच्या भटजीला असे काही प्रश्न घालतो की आईच्या मांडीवर झोपलेली पोरंसुद्धा उठून बसतात. मग विष्णू येऊन त्याला मारतो, म्हणून नाटक पुढं सरकतं. हरमलातल्या माझ्या शिकवणीत विष्णू येत नाही.

बारावी सायन्सची शिकवणी घेणाऱ्या कुणालाही विचारा, दर बॅचला असा एक शंकासूर असतोच. हा वर्गातला हुशार मुलगा नव्हे. हुशार मुलाचा प्रश्न ठरलेला असतो, ‘सर, हे पेपरात येतं?’ येतं म्हटलं की तो लिहून घेतो, येत नाही म्हटलं की पेन खाली ठेवतो. रोखठोक व्यवहार. शंकासुराला पेपराचं काही पडलेलं नसतं. तो तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसतो, कारण तिथून विजेचा खांब दिसतो. हात वर करायची त्याला सवय नाही. पेनाचं टोपण दातांत धरलेलं असतं, ते निघालं की समजावं. मग अतिशय नम्रपणे, ‘सर, एक बारीक शंका.’ ह्या ‘बारीक’वरचा माझा विश्वास केव्हाच उडाला आहे. मोठी शंका पाच मिनिटांत मिटते, बारीक शंकेपायी केरीकडच्या मुलांची शेवटची बस चुकते.

गेल्या बॅचचा शंकासूर खालच्यावाड्यावरचा. बापाच्या भाड्यानं द्यायच्या खोल्या आणि स्कूटर. सीझन सुरू झाला की काउंटरवर हाच. पासपोर्टची झेरॉक्स झाली का, डिपॉझिट किती घेतलं, पेट्रोलचा काटा कुठं होता, आरसा नेतानाच फुटलेला होता का, हे विचारत विचारत वाढलेला मुलगा. त्यामुळं पुस्तकातलं वाक्यसुद्धा तो गिऱ्हाइकाच्या तोंडचं समजून तपासतो. कोण म्हणाला, कुठून आला, परत कधी जाणार.

त्यात बारावीच्या फिजिक्सची सुरुवातच वाईट. पहिलं प्रकरण चार्ज आणि फील्ड, दुसरं पोटेन्शियल. लेन्स हातात देता येते, मॅग्नेटला खिळे चिकटवून दाखवता येतात. फील्ड म्हणजे, बाबांनो, इथं काहीतरी आहे आणि ते दिसत नाही, असं सांगून दुकान उघडायचं. निम्मा वर्ग मान डोलावतो. देवळात वाढलेली मुलं आहेत, न दिसणाऱ्याची त्यांना सवय आहे. टोपण तेवढं निघतं.

पहिला घात कंगव्यानं केला. केसांवरून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो हे सगळ्या पुस्तकांत असतं. कोरडे केस पाहिजेत, असंही असतं. जूनमध्ये हरमलात कोरडं काय असतं? वहीची पानंसुद्धा पापडासारखी मऊ झालेली. मी कंगवा फिरवला, कपट्यांवर धरला. कपट्यांनी हूं की चूं केलं नाही.

‘सर, कूलॉमचो नियम पावसांत बंद आसता?’

नियम १७८५ पासून अखंड चालू आहे, मी सांगितलं. दमट हवेत कंगव्यावर आणि कपट्यांवर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो, तयार झालेला चार्ज त्यातून निसटून जातो. ह्यावर तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी हेअर ड्रायर घेऊन आला. कुठलीशी पाहुणी खोलीत विसरून गेलेली. त्यानं कंगवा शेकला, कपटे शेकले, टेबल शेकलं, आणि पुढच्या बाकावरच्या मुलीची नायलॉनची ओढणी रीतसर मागून घेऊन तीही शेकली. ओढणीवर कंगवा घासला मात्र, कपटे टणाटण वर उडाले. वर्गानं टाळ्या पिटल्या. हा मात्र टेबलाला नाक लावून बसला होता.

‘सर, हे दोन कपटे चिकटले आणि परत उडून गेले. कित्याक?’

कंगव्याला टेकले, त्याच्याकडचा थोडा चार्ज अंगावर घेतला, आता दोघांकडं एकाच जातीचा चार्ज, म्हणून दूर ढकलले गेले.

‘बरं. पण टेकायच्या आधी त्यांच्याकडं चार्जच नव्हता. मग ओढले कशाला गेले?’

ही शंका खरोखर बारीक होती, म्हणजे चांगली होती. कंगवा जवळ आला की कपट्यातला चार्ज जागच्या जागी किंचित सरकतो. विरुद्ध जातीचा कंगव्याच्या बाजूला, सारखा पलीकडच्या बाजूला. दोन्ही सारखेच, पण जवळच्यावर ओढ जास्त, लांबच्यावर ढकल कमी. अंतर वाढलं की बल अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं, हे कूलॉमनं पिळाच्या तराजूवर मोजलं ते इथं उपयोगी पडतं. हुशार मुलानं विचारलं, हे येतं का. मी म्हटलं, एक मार्काला.

मग फील्डच्या रेषा. त्या एकमेकींना छेदत नाहीत, कारण छेदल्या तर त्या जागी ठेवलेल्या चार्जला एकाच वेळी दोन दिशांना जावं लागेल, हे त्यानं बिनतक्रार मान्य केलं. मला हायसं वाटलं, तेवढ्यात टोपण निघालं.

‘आणि दोन रेषांच्या मधी उभो रावलों तर वाचतलों?’

हसू नका, मनातल्या मनात हे निम्म्या वर्गाला वाटत असतं. चित्रात रेषा असतात आणि रेषांच्या मधे कोरी जागा असते, तेव्हा त्या कोऱ्या जागेत काही नसणार. फील्ड सगळीकडे असतं, रेषा आपण काढतो, आणि वहीच्या पानावर मावतील तेवढ्याच काढतो, हे सांगून झालं की पुढचा प्रश्न तयार. आपण काढतो, तर मग रेषा खोट्या का? आणि टेस्ट चार्ज ठेवलाच नाही तर फील्ड तिथं आहे हे कशावरून? इथं मी त्याला फॅरडेची गोष्ट सांगितली. बुकबाइंडरकडं उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकलेला माणूस. गणित बेताचंच. त्यामुळं समीकरणांच्या ऐवजी त्यानं रेषा काढल्या, आणि रिकाम्या जागेतच काहीतरी चाललंय असं म्हणत राहिला. गणितवाल्या मंडळींना ते बरेच दिवस पटत नव्हतं. पुढं मॅक्सवेलनं त्याच रेषा समीकरणांत बसवल्या आणि त्यातून प्रकाशसुद्धा बाहेर निघाला. शंकासुरानं सगळं ऐकून घेतलं. ‘म्हणजे तेकाय गणित येत नव्हतां,’ एवढंच त्यानं त्यातून उचललं, आणि त्या महिन्यात युनिट टेस्टच्या मार्कांबद्दल तो अजिबात खंतावला नाही.

खरी लढाई पोटेन्शियलला झाली. व्याख्या मी इंग्रजीतून लिहून दिली आणि आपल्या भाषेत फोड करून सांगितली. एकक धन चार्ज, त्वरण न देता, अनंतापासून त्या बिंदूपर्यंत आणायला बाहेरच्या कारकाला करावं लागणारं काम. हे वाक्य मी इतकी वर्षं सांगत आलो आहे की झोपेतसुद्धा सांगेन. बहुतेक मुलं ते झोपेतच ऐकतात. टोपण निघालं.

‘पूण सर, हाडता कोण?’

‘बाहेरचा कारक.’

‘म्हणजे कोण?’

‘कुणीही. तू.’

‘हांव अनंताक वचूं? खंय आसा तें?’

जिथं त्या चार्जचा जोर पोचत नाही इतकं दूर, असं मी म्हणालो. तेरेखोलच्या पलीकडं का, असं त्यानं विचारलं. त्याच्याही पलीकडं. मग त्यानं वही उलटून माझीच अकरावीची नोट काढली. थांबलेली वस्तू हलवायची तर बल लागतं, बल लागलं की त्वरण येतं, न्यूटन. आता त्वरण न देता ती निघणार कशी? सुरुवातीला इवलासा धक्का, मी म्हटलं, शेवटी तेवढाच अटकाव, दोन्हींचा हिशेब एकमेकांत वळता. मधल्या वाटेत फील्ड जेवढं ढकलतं तेवढंच आपण उलट ढकलायचं. म्हणजे अगदी हळूहळू.

‘अनंतापासून. अगदी हळूहळू.’ त्यानं माझेच शब्द मला परत केले, आणि वर्गाकडं वळून विचारलं, ‘मगे पावतलो केन्ना?’

केरीकडच्या मुलांची बस त्या दिवशी गेलीच.

आणि आणायचं ते सामानही साधं नाही, हे त्यानं स्वतःच शोधून काढलं. एक कूलॉमचे दोन चार्ज एक मीटरवर ठेवले तर त्यांच्यातलं बल ९ अब्ज न्यूटन. वजनात सांगायचं तर ९ लाख टनांच्या वर. ‘असला चार्ज घेऊन मी येणार, आणि तुम्ही म्हणता मूळ फील्ड बिघडत नाही?’ बिघडणारच. म्हणून खरं तर इवलासा चार्ज आणायचा, काम मोजायचं आणि मग चार्जनं भागायचं. कूलॉममागं इतकं काम, हा फक्त भाव झाला. कुणी काही आणत नाही, कुणी कुठं जात नाही. कोणत्या वाटेनं, किती वेगानं आणलं ह्यानं कामात फरक पडत नाही, म्हणून अशी गंमत करता येते. हे ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसलं. भाव त्याला कळतो. भाव न ठरवता आणणारा कोण, हेच त्याला खटकत होतं.

त्याच आठवड्यात मी वर्गाला किनाऱ्याच्या उत्तरेच्या डोंगरावर नेलं. पॅराग्लायडिंगवाले उडी घेतात तो डोंगर. फळ्यावर जे डोक्यात जात नाही ते कधीकधी पायात जातं. पोटेन्शियल म्हणजे उंची, फील्ड म्हणजे उतार, मी सांगितलं. उतार जितका खडा तितकं फील्ड जोरदार. फील्डच्या सूत्रातली ती उणे खूण पोरांना छळते, तिचा अर्थ इतकाच की सुटलेला धन चार्ज खाली घरंगळतो. गोड्या तळ्याच्या बाजूनं चढा नाहीतर किनाऱ्याकडून सरळ चढा, माथ्यावर पोचेपर्यंत गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं काम तेवढंच. इथं एक जाडजूड मुलगा धापा टाकत म्हणाला की हे त्याला मान्य नाही, पण त्याची शंका जीवशास्त्राची होती.

माथ्यावर सपाट सडा. तिथं मी हुकमाचं पान टाकलं. इथं उतार किती? शून्य. मग उंची शून्य का? नाही. दोन सारख्या धन चार्जांच्या बरोबर मध्यावर असंच असतं. फील्ड शून्य, पोटेन्शियल भरपूर. आता खाली बघा, पाणी जिथं वाळूला टेकतं तिथं उंची शून्य, पण वाळू उतरतीच आहे. एक धन, एक ऋण अशा सारख्या चार्जांच्या मध्यावर तसं. पोटेन्शियल शून्य, फील्ड चांगलं दणदणीत. बोर्ड दरसाल ह्याच जागी मुलांना पाडतं. हुशार मुलानं सड्यावर उकिडवं बसून लिहून घेतलं.

शंकासूर समुद्राकडं बघत होता. ‘सर, उंची शून्य ती भरतीची का ओहोटीची?’

सरासरीची, मी म्हटलं.

‘म्हणजे शून्य कुणीतरी ठरवलं.’

ठरवलंच. अनंतावर शून्य धरा, नाहीतर जमिनीवर शून्य धरा. फरक दोन जागांतला असतो, शून्य कुठं ठोकायचं ही आपली सोय.

‘जमिनीवर शून्य. सगळ्या जमिनीवर? खालच्यावाड्यावर पण आणि मधल्यावाड्यावर पण?’

वीज वाहत नसेल तोवर हो, असं मी म्हणालो. आणि एकदा सुरुवात केलीच होती तर पुढचंही सांगून टाकलं. तुटलेली तार ओल्या मातीवर पडली की करंट जमिनीत पसरतो, आणि पसरत असेतोवर तिथली जमीन शून्यावर नसते. तारेपाशी पोटेन्शियल सर्वांत जास्त, लांब जावं तसं उतरत जाणारं. एक पाय जवळ आणि दुसरा लांब पडला की दोन पायांत व्होल्टेज. म्हणून दोन्ही पाय जुळवून, अगदी बारक्या उड्या मारत दूर जायचं. वीज झाडावर पडली की खाली आडोशाला उभी असलेली गुरं पटापट मरतात त्यातही हेच कारण मोठं. पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, आणि मधे काळीज. ह्यावर त्यानं काही विचारलं नाही. तेव्हा मला ते बरं वाटलं होतं.

खिडकीतल्या खांबाचं प्रकरण त्यानं स्वतःच निकालात काढलं. ११ हजार व्होल्टच्या तारेवर कावळा बसतो त्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, फरक जवळजवळ नाहीच. मग सकाळी वटवाघूळ तारेला जळून लटकलेलं दिसतं ते का? त्याच्या पंखांचा पसारा मोठा. एक पंख ह्या तारेला, दुसरा त्या तारेला. हे उत्तर त्यानं मला विचारलं नाही, सांगितलं. मग टोपण परत दातांत. मला वाटतं त्या दिवशी तो थोडा नाराज होता. प्रश्न आणि उत्तर दोन्ही आपलंच निघालं, तर शिकवणीची फी कशाची?

डिसेंबरात त्याच्या घरी एक रशियन बाई उतरली होती. हरमलात ह्या मंडळींची कमी नाही. सकाळी योग, संध्याकाळी किनाऱ्यावर ढोल, आणि दिवसभर ‘एनर्जी’. ह्या बाई गच्चीवर वर्ग घेत. माणसाभोवती एक फील्ड असतं, ते गढूळ होतं, ते साफ करावं लागतं, साफ करायची फी वेगळी. दुसऱ्या कुठल्याही मुलानं चहाचा ट्रे ठेवून काढता पाय घेतला असता. ह्यानं ट्रे ठेवून विचारलं, ‘मॅडम, किती व्होल्ट पर मीटर?’

बाई चांगल्या स्वभावाच्या. म्हणाल्या, ते मोजता येत नाही, जाणवतं. संध्याकाळी हा माझ्याकडं. मी त्याला आमच्या जुन्या पुस्तकातला एक प्रश्न वाचून दाखवला. वातावरणाचा वरचा थर जमिनीच्या मानानं सुमारे ४ लाख व्होल्टवर असतो. जमिनीलगत, निरभ्र दिवशी, दर मीटरला साधारण १०० व्होल्टचं फील्ड. मग दारातून बाहेर पडल्याबरोबर नाकापासून पायापर्यंत दीडशे-दोनशे व्होल्टचा झटका का बसत नाही? कारण आपलं शरीर विजेचं वाहक. जमिनीवर उभं राहिलं की जमिनीच्याच पोटेन्शियलला येतं, रेषा आपल्याला वळसा घालून वाकतात, आणि हवेतून येणारा करंट इतका क्षुल्लक की कळतही नाही. हवेतून चार्ज सतत झिरपत असतो तरी वरचा थर रिकामा होत नाही, कारण जगात कुठं ना कुठं वादळं गडगडत असतात, ती तो भरत राहतात. मी अगदी रंगून सांगितलं. एवढ्या थोरल्या गोष्टीत मुलानं जरा हरवून जावं, अशी माझी अपेक्षा.

हा तसाच उठला, घरी गेला, गच्चीवर चढला आणि बाईंना त्यांच्या शिष्यांसमोर म्हणाला, ‘मॅडम, तुमचं बरोबर. फील्ड आहे. पण शंभर ते बाहेर. तुमच्या आत शून्य.’

तिसऱ्या दिवशी बाप माझ्या पडवीत. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘मास्तर, चेडो हुशार जालो खरो. पूण गिरायक मांद्र्यांत गेलें.’ भरपाई मागावी की आभार मानावेत ह्याचा त्याला निर्णय होत नव्हता. शेवटी पिशवीतून हरमलच्या मिरच्या काढून दिल्या आणि पुढच्या प्रकरणात काय आहे ते विचारलं. करंट, मी म्हटलं. तो काळजीत पडून गेला.

परीक्षेत पोटेन्शियलची व्याख्या आली. शंकासुरानं ती बिनचूक लिहिली आणि खाली कंसात ‘आणणारा काल्पनिक आहे’ असं टिपून ठेवलं, असं त्यानंच बाहेर आल्यावर सांगितलं. तपासणाऱ्यानं त्याचं काय केलं कोण जाणे. निकाल बरा लागला. फर्मागुडीला इलेक्ट्रिकलला जायचं म्हणतो. तिथल्या प्राध्यापकांना कळवावं असं एकदा मनात आलं होतं.

मेअखेर पहिला वळीव आला, गडगडाटासकट. माडांच्या झावळ्या रस्त्यावर, लाईट गेलेली. रात्री आठच्या सुमारास त्याचा फोन. मळ्यात तार तुटून पडली आहे. वीज खात्याच्या ऑफिसला त्यानं आधीच कळवलं होतं. बघायला जमलेल्यांना त्यानं लांब उभं केलं होतं. तारेच्या जवळ जाऊन अडकलेले दोघे काका आणि छत्री घेतलेला एक परदेशी पाहुणा, तिघांनाही पाय जुळवून उड्या मारत बाहेर काढलं होतं. मागं बायकांचं हसणं ऐकू येत होतं, काकांच्या शिव्याही. मी मनापासून शाबास म्हणालो आणि फोन ठेवणार तोच तिकडून पेनाचं टोपण निघाल्यासारखा आवाज आला.

‘सर, माणसांक सांगलें. पूण थंय एक गाय बांदून घाल्या. तिणें कशी उडी मारची?’